भाच्याचे आमंत्रण

दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर मराठीच्या प्राध्यापकाकडे कोणती पाकिटे येतात, हे ठरलेले असते. एखाद्या व्याख्यानमालेचे निमंत्रण, स्वखर्चाने काव्यसंग्रह छापणाऱ्या कवीचे अभिप्रायार्थ पुस्तक, आणि उत्तरपत्रिका वेळेवर तपासून द्याव्यात अशी नम्र सूचना. यंदा मात्र एक काळेकुळकुळीत कार्ड आले आणि आमच्या घरात सर्वांचीच पंचाईत झाली.

कार्डावर ना गणपती, ना ‘श्री’, ना ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. काळ्या रंगावर एक जांभळी वाकडी रेघ आणि तिच्याखाली चार नावे. पहिले नाव एवढे ठळक, की पलीकडच्या गॅलरीतून वाचता यावे. शेवटचे इतके बारीक, की मला चष्मा पुसावा लागला. ते शेवटचे नाव माझ्या भाच्याचे होते. बारशाच्या दिवशी ठेवलेले नव्हे, त्याचे त्यानेच घेतलेले. मराठी कवींना टोपणनावांची परंपरा आहे, तेव्हा मला त्यात काही बोलायला जागा नव्हती.

“असली आमंत्रणं मोबाइलवरच जातात, मामा,” तो दारातच म्हणाला. “पण तुम्हाला कागद लागतो, म्हणून एक मुद्दाम छापून आणलं. तुम्ही याल ना?”

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी रात्री नऊपासून पुण्यातील एका क्लबात इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची रात्र आहे. मुख्य कलावंत मध्यरात्रीच्या सुमारास येतील. त्यांच्याआधी, लोक येऊन स्थिरस्थावर होईपर्यंतचा पहिला दीड तास आमचे चिरंजीव वाजवणार आहेत. नाटकाची पहिली घंटा झाल्यावर पडद्यापुढे जो उभा असतो, तसेच हे काम म्हणा.

मी “बघू” म्हणालो. ‘नाही’ म्हणण्याची ही सभ्य रीत त्यालाही ठाऊक आहे. चहा न घेताच तो गेला.

त्याच रात्री ढाणकीहून ताईचा फोन आला. “तू त्याले सांगून पाय रे. तुयं ऐकते तो. लोक विचारतात, पोरगं पुण्यात काय करते? मी काय सांगू? रातभर बाजा वाजवते म्हणून?”

पेले वाजले ती रात्र

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील आमचे गाव. जिल्हा विदर्भातला, पण पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. त्यामुळे आमच्या बोलीत दोन्हीकडचे शब्द सुखाने नांदतात. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्यावर गावाचे वर्ष चालते. ताईचे सासर आणि माहेर दोन्ही याच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर. भाचा तिचा धाकटा. त्याने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या एका डीजेच्या गाडीवर मदतनीस राहिला. पिकअपवर रचलेली कर्ण्यांची भिंत, मागे धडधडणारे जनरेटर आणि पुढे नाचणारी मंडळी. हे दृश्य आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला वर्णन करून सांगावे लागत नाही.

तीन वर्षांपूर्वीची लग्नसराई. आमच्या आबांना हृदयाच्या दुखण्यातून नांदेडच्या इस्पितळातून घरी आणून पंधरा दिवस झाले होते. मी रजा काढून गेलो होतो. रात्री साडेदहाच्या सुमारास वरात आमच्या गल्लीत शिरली. आधी गाणे आलेच नाही, नुसती धुमधुम आली. मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजू लागले, खिडकीची तावदाने थरथरू लागली. आबांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

मी अनवाणीच बाहेर धावलो. गाडीपाशी पोचलो, तर यंत्रांच्या फळीमागे उभा कोण? आमचाच भाचा. मग माझी प्राध्यापकी, माझी भाषा, सगळे गळून पडले. वऱ्हाडी मंडळींच्या देखत मी ओरडलो, “आजोबाच्या छातीवर वाजवतोस काय रे?”

तो काही बोलला नाही. नाचही थांबला नाही. मी तणतणत घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुण्याला निघून आलो. महिन्याभरातच तोही नोकरीसाठी पुण्यात आला. एका शहरात राहून तीन वर्षांत आमची भेट झाली ती दोनदा, तीही लग्नकार्यात, माणसांच्या गर्दीत. म्हणून ते काळे कार्ड घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा पंचाईत झाली, असे मी वर म्हटले.

मास्तर विद्यार्थी होतो

ज्या विषयावर उपदेश करायचा, तो आधी वाचून घ्यावा ही मास्तरकीची जुनी खोड. ताईला शब्द देण्यापूर्वी एका रविवारी मी भाच्याची खोली गाठली. दिवसा तो ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्याकडे दुरुस्तीचे काम करतो. खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि उरलेल्या जागेत त्याचा संसार. दोन वादनयंत्रे, त्यांच्या मधोमध मिक्सर (वाटण्याचा नव्हे, आवाज मिसळण्याचा), एक लॅपटॉप आणि मोठे हेडफोन.

“यात तू वाजवतोस काय?” मी विचारले. “गाणी तर दुसऱ्यांनी केलेली.”

“तुम्ही शिकवता त्या कविता तरी तुमच्या कुठं आहेत, मामा?” तो हसून म्हणाला. मी मुकाट्याने पलंगावर बसलो.

या संगीताचा पाया म्हणजे चार मात्रांचा ठोका, आणि प्रत्येक मात्रेवर सारखाच आघात. केरव्याला खाली असते, येथे ती नाहीच. ‘हाउस’ नावाच्या प्रकारात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. एक गाणे चालू असताना वाजवणारा दुसरे कानात ऐकतो, त्याची गती पहिल्याशी जुळवतो, आणि नाचणाऱ्याचे पाऊल न चुकता एकातून दुसऱ्यात जातो. मला आमच्या गावचे भजन आठवले. एक अभंग संपता संपता टाळ न थांबवता बुवा दुसरा धरतात, आणि बसलेल्यांना सांधा कळतही नाही. ज्याला सांधा लपवता येतो तो बुवा. भाच्याने तो सांधा मला चार वेळा करून दाखवला. चारही वेळा मला तो सापडला नाही.

हा प्रकार आला कोठून? अमेरिकेत शिकागो येथे १९७७ साली ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब निघाला. फ्रँकी नकल्स हा तरुण तेथे तबकड्या वाजवी. नाचायला येत ते बहुतेक कृष्णवर्णी, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी तरुण, ज्यांना इतर ठिकाणी दार सहज उघडत नसे. वेअरहाउसमधले संगीत ते ‘हाउस’ संगीत. पुढे एका जपानी कंपनीची दोन यंत्रे या तरुणांच्या हाती लागली. एक १९८० सालचे तालयंत्र आणि दुसरे एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेले छोटे यंत्र. गिटारवाल्यांनी ते फारसे घेतले नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले ते या पोरांनी घेतले आणि त्याच्या कळी पिळून पिळून एक नवाच गुरगुरता आवाज काढला. त्या आवाजाची शिकागोची पहिली गाजलेली तबकडी १९८७ सालची.

“आणि आता हे ऐका,” म्हणून भाच्याने एक तबकडी लावली. तोच ठोका, तोच गुरगुरता खर्ज. पण वर भैरवी! पुढे ललत, तोडी, मालकंस. मी चमकलो. ही तबकडी १९८२ सालची, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षे आधीची, आणि मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली! हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तीच जपानी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. त्या वेळी कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० साली हॉलंडमधल्या लोकांनी ती तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जगातले जाणकार थक्क झाले. उतारवयात ते परदेशी जाऊन तरुण श्रोत्यांपुढे वाजवून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. परके म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्याचा एक झरा आपल्याच अंगणात असतो, तो असा.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या नाचरात्री सत्तरीच्या दशकापासून रंगत. त्यातूनच ‘गोवा ट्रान्स’ नावाचा प्रकार जगभर गेला. ‘सनबर्न’ महोत्सव २००७ साली गोव्यात सुरू झाला आणि २०१६ ते २०१८ ही तीन वर्षे पुण्याजवळ भरला. त्याच सुमारास, २०१५ मध्ये, न्यूक्लिया या नावाने वाजवणाऱ्या उद्यान सागर यांचा ‘बास रानी’ हा संग्रह आला. वरातीचे, मिरवणुकीचे, गल्लीतले आवाज त्यांनी क्लबात नेऊन वाजवले. तेव्हा पिकअपवरून क्लबात जाणारा आमचा भाचा फार मोठी उडी मारतो आहे, असेही नाही.

डावीकडे फिरलेली कळ

“पण हा आवाज एवढा लागतो कशाला?” मी शेवटी मनातला प्रश्न विचारला.

त्याने पदविकेचे ज्ञान बाहेर काढले. सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्जाची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. ५,००० कंपनांच्या तार आवाजाची जेमतेम ७ सेंटीमीटर. भिंत, दार, पडदा या बारक्या लाटांना अडवतात, खर्जाला नाही. म्हणून दूरची वरात आधी नुसती धुमधुम म्हणून येते; गाणे कोणते, ते गल्लीत शिरल्यावर कळते. आणि छाती दडपते, तावदाने थरथरतात, तीही खर्जानेच. गाण्याच्या शब्दांनी नव्हे.

मिक्सरवर प्रत्येक गाण्यासाठी तीन कळी असतात. तार, मध्य आणि खर्ज. त्याने खर्जाची कळ हळूच पूर्ण डावीकडे फिरवली. गाणे चालूच राहिले, जवळजवळ तितकेच कर्कश, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. खिडकीपाशी ठेवलेला स्टीलचा पेला इतका वेळ किणकिणत होता, तो गप्प झाला.

भाचा पेल्याकडे पाहत म्हणाला, “त्या रात्री मी हेच केलं होतं, मामा.”

मला क्षणभर अर्थबोध झाला नाही.

“तुम्ही यायच्या आधीच. गल्लीत वळलो तेव्हा आपलं घर दिसलं. बंद करू दिलं नसतं, नवरदेवाची माणसं अंगावर आली असती. म्हणून खर्ज काढला. नाचणाऱ्यांना गाणं ऐकू येत होतं, त्यांच्या लवकर लक्षात आलं नाही. मालकाच्या आलं.” त्या रात्रीची मजुरी मालकाने कापली आणि पुढच्या तिथीला त्याला बोलावले नाही.

मी घरी परतलो तेव्हा पेले वाजत नव्हते. ते मला आत्ता आठवले. वरात पुढे गेली असेल, असे मी तेव्हा धरून चाललो होतो. पण वरात गेली नव्हती. पाव तास ती आमच्या दारापुढेच नाचत होती आणि मी घरात बसून गाण्याच्या शब्दांना शिव्या देत होतो. शब्दांवरच ज्याचे पोट आहे, त्याला शब्दांखालचे काही ऐकू आले नाही.

“तेव्हाच सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही ओरडत होता,” तो म्हणाला. एवढेच.

घरी येऊन मी आबांना फोन लावला. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो. “मले मालूम हाये ते. तू पहाटे निघून गेला. पोरगं सकाळी आलं होतं. आजोबा, पेले वाजायचे थांबले होते का, म्हणून विचारून गेलं. मामाले सांगू नका म्हणे.”

रात्र कोणाची?

येथे वाचक, विशेषतः वाचक माता, मला थांबवून विचारतील, की तुमचा भाचा भला असेल, पण ही रात्र भली आहे काय? प्रश्न रास्त आहे.

क्लबात दारू असते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. दारावर ओळखपत्र पाहतात, कोठे कसोशीने, कोठे नावापुरते. अमली पदार्थांच्या बातम्या येतात, त्या सगळ्या खोट्या नसतात. भाचा म्हणतो, एस.टी.चा ड्रायव्हर गाडी चालवताना पीत नाही, तसा तो वाजवताना पीत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण प्रत्येक आईने डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे मी लिहिणार नाही. तिकिटाची किंमत ऐकून तर मी पुन्हा चष्मा पुसला.

कानांचा प्रश्न निराळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी मर्यादा सांगितली, ती १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल. भाचा ज्या क्लबात वाजवणार तेथे मोजयंत्र आहे, आणि तो स्वतः कानात फोमचे बोळे घालतो. मलाही एक जोडी मिळाली आहे.

पण ढाणकीच्या गल्लीत कोणते मोजयंत्र? देशाचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ते ठासून सांगितले. त्याला इतकी वर्षे लोटली, तरी साडेदहाची वरात साडेदहाला येतेच. गंमत पाहा. पश्चिम महाराष्ट्रात या कर्ण्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या रे डॉल्बींचे ते नाव, त्यांनी कीर्ती मिळवली ती ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणारे तंत्र शोधून! आवाज घटवणाऱ्याचे नाव आपण आवाज वाढवणाऱ्याला दिले.

रात्रीच्या नाचाशी माझे वैर नाही, कारण मी त्यातच वाढलो. होळीच्या दिवसांत आमच्याकडच्या बंजारा तांड्यांवर डफावर लेंगी चाले, आणि अंगणात बाजेवर पडल्या पडल्या मी ती ऐकत झोपे. पैनगंगेपलीकडे किनवट भागात आणि पुढे आदिलाबादेकडे गोंड लोकांची दंडारी तर ऐन दिवाळीतच निघते. मोरपिसांचे भले थोरले टोप घातलेले गुसाडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, आणि ते गाव त्यांना जेवू घालून ठेवून घेते. या गुसाडीसाठी आदिलाबादकडचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते गेले. त्या रात्रीही लांबतात, ढोल त्यांतही असतात. पण नाचणारे कोणाच्या दारी आलो हे जाणून येतात, आणि दार उघडणाऱ्याचा मान ठेवतात.

मला जो फरक दिसतो तो इतकाच आहे. डफ की यंत्र, तांडा की क्लब, याने फारसे बिघडत नाही. ऐकायला कोण आले आहे आणि कोणाला नाइलाजाने ऐकावे लागते आहे, हे वाजवणाऱ्याला कळते की नाही, यावर सारे आहे. क्लबाच्या चार भिंतींत, पैसे मोजून आलेल्यांपुढे वाजवणे त्या मानाने सोपे. कठीण आहे ते नाचणाऱ्यांच्या गर्दीतून एका खिडकीतला दिवा ओळखणे, आणि स्वतःची मजुरी घालवून एक कळ डावीकडे फिरवणे. ही विद्या माझ्या भाच्याला कोणत्याही क्लबाने शिकवलेली नाही. ती तो ढाणकीहून घेऊन आला आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज यायची असेल. यंदा ताई आमच्याकडे येणार आहे. परवा मी तिला फोन करून त्या रात्रीची हकिगत सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग मी म्हणालो, “ताई, भाऊबीज झाली की लगेच परतू नको. शनिवारपर्यंत राहा. आपण दोघं जाऊ. लोकांनी विचारलं, पोरगं काय करतं, तर निदान पाहून सांगशील.”

पलीकडे पुन्हा शांतता. मग ताईने विचारले, “तिथं बसाले खुर्ची असते का रे?”

मी भाच्याला विचारले. नसते म्हणाला, पण दोन ठेवतो म्हणाला.